मालवणच्या प्रवाळ-खडकांवरील स्कूबा डायव्हिंग

सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणच्या किनाऱ्यालगत बुडालेले व अर्धबुडालेले खडक आहेत आणि त्यांवर प्रवाळ वाढतात. शिवरायांनी कुरटे बेटावर उभारलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा (बांधकाम १६६४–६७) हा उथळ समुद्र आज स्कूबा डायव्हिंगसाठी महाराष्ट्रात सर्वाधिक ओळखला जातो. येथील २९.१२ चौ. किमी. क्षेत्राला १९८७ मध्ये सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला.

लक्षद्वीपची बेटे प्रवाळांनीच घडवली. मालवणात मात्र खडक आधीचा आणि प्रवाळ त्याच्या अंगावर ठिगळासारखे, विरळ. गड आणि कर्ली या नद्या पावसाळ्यात भरपूर गाळ आणतात, त्यामुळे इथे गढूळ पाणी सोसणाऱ्या पोराइट्ससारख्या चिवट जातीच टिकतात. त्यांच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात. गाळ साचला की हा प्रकाशच अडतो. प्रवाळाची एखादी मळकट पिवळी, ओबडधोबड गाठ जवळून पाहावी. पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खळगे दिसतात, प्रत्येकात एक जीव. अंगावर बसलेला गाळ हे जीव चिकट स्राव सोडून हळूहळू बाजूला सारतात. घाईत पुढे सरकणाऱ्या पर्यटकाला यातले काहीच दिसत नाही.

हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने डायव्हिंग बंद असते. नवख्याला प्रशिक्षक सोबत घेऊन काही मीटरच खाली नेतो. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, म्हणून उतरताना नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारत कान मोकळे करावे लागतात. श्वास रोखून धरणे सर्वांत घातक: वर येताना छातीतली हवा प्रसरण पावते आणि फुप्फुसांना इजा होऊ शकते. खोली वाढत जाते तसा लाल रंग सर्वांत आधी हरवतो, त्यामुळे तिथे लाल मासाही करडा भासतो.

तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे. पोहण्याचा सराव असणाऱ्याने फोटोपुरती डुबकी मारून परतण्यापेक्षा रीतसर शिक्षण घेणे केव्हाही चांगले. तरंगत राहण्याचा तोल साधला की पाय खडकावर टेकत नाहीत, आणि प्रवाळाचा खरा बचाव तिथेच होतो. वर्षाला काही मिलिमीटर वाढणारी गाठ होडीच्या नांगराच्या एका ओढीने निखळते. मासे जवळ यावेत म्हणून पाव टाकण्याची पद्धतही बंद व्हायला हवी. तिने माशांच्या खाण्याच्या सवयी बिघडतात. खडक घडवणाऱ्या प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे कवच आहे, त्यामुळे त्यांचा तुकडा उचलून नेणे गुन्हा ठरतो.

विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटर आत, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखली जाणारी आंग्रिया बँक आहे. हा बुडीत उंचवटा किनाऱ्यापासून दूर असल्याने तिथले पाणी नितळ आणि प्रवाळ अधिक समृद्ध आहेत. पण त्याचा माथाच सुमारे वीस मीटर खोल आहे आणि मदत पोहोचायला तासन्‌तास लागतात, म्हणून ही जागा अनुभवी पाणबुड्यांचीच.