खोली, पावती आणि जिना

इतर गांवीं मनुष्य घर भाड्यानें घेतो; मुंबईंत त्यानें खोली भाड्यानें घेतली. दहा फूट रुंद व बारा-पंधरा फूट लांब अशी एक खोली, तिच्या कोपऱ्यांत एक मोरी, दारापुढें सर्वांचा सज्जा, सज्ज्याच्या टोंकाशीं सर्वांचा नळ व शौचकूप, आणि खालीं रस्त्यावर उतरण्यास सर्वांचा लांकडी जिना. या रचनेला चाळ हें नांव मिळालें व त्या नांवाखालीं शहरांतील असंख्य कामकरी कुटुंबांनीं पिढ्या काढल्या. दरमहा पावती फाडली जाई ती खोलीची. जिन्याची, सज्ज्याची किंवा नळाची पावती कोणी फाडीत नसे. चाळींच्या इतिहासांतील बहुतेक सुखदुःखें या एका भेदांतून निघालेलीं आहेत. खोलीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न कोर्टांत हजारों वेळां गेला. जिन्याची काळजी कोणीं वाहावी, हा प्रश्न मात्र जिना डळमळूं लागेपर्यंत कोणास सुचला नाहीं.

कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईंत पहिल्या कापसाच्या गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ सालीं ताडदेव येथें ती गिरणी सुरू झाली. पुढील चाळीस वर्षांत भायखळा, लालबाग, परळ या भागांत धुराडीं उभीं राहिलीं, आणि रत्नागिरी, सातारा, पुणें या जिल्ह्यांतून माणसांचा ओघ मुंबईकडे लागला. कामास आलेला मनुष्य बहुधा एकटा असे. बायकामुलें व शेतीवाडी गांवीं. त्याला पाठ टेकण्यापुरती जागा, ट्रंक ठेवण्यास कोपरा आणि गिरणीचा भोंगा ऐकूं येईल इतकेंच अंतर हवें होतें. जमिनीच्या मालकाचा हिशेबही याच्याशीं जुळणारा होता. एका कुटुंबास घर दिलें तर एक भाडें येई. त्याच जागेवर चाळीस खोल्या काढल्या तर चाळीस भाडीं येत, आणि एखादी खोली रिकामी पडली तरी एकोणचाळीस चालू राहत. खोलीवार भाड्याचें बळ तें हेंच. पण त्याचा दुसरा अर्थ असा कीं, एका नळाच्या तोटीवर चाळीस बिऱ्हाडांचे हात पडत आणि एका जिन्यावर दीड-दोनशें माणसांचे पाय. जें सर्वांचें तें सर्वांत आधीं झिजे.

मालक सहसा चाळींत राहत नसे. त्याच्या वतीनें मेहता येई. गिरणीच्या पगाराच्या सुमारास तो वही घेऊन दारोदार फिरे. वहींत खोलीचा नंबर, भाडेकरूचें नांव, चालू भाडें व मागील बाकी. नवा भाडोत्री ठेवतांना तो त्याच्या कपड्यांपेक्षां त्याच्यासाठीं शब्द टाकणाऱ्या मुकादमाची किंवा वाण्याची पत पाही, कारण भाडें तुंबल्यास धरावयाचें कोणास हें त्याला ठाऊक असे. कित्येक मालक एवढाही उपद्व्याप न करितां सबंध चाळ मक्त्यानें देत. मक्तेदार ठरलेली रक्कम मालकास पोंचवी आणि खोल्या आपल्या दरानें लावी. मक्ता संपेपर्यंतच ज्याचा संबंध, त्यानें पुढच्या पावसाळ्यासाठीं कौलें कशाला शाकारावीं? वसुलीची व्यवस्था अशी चोख बसली. दुरुस्तीची बसली नाहीं.

खोलीच्या आंत आणखी एक कारभार चाले. पावतीवर नांव एकाचें असे, पण राहणारे एकाच गांवचे आठ-दहा गडी असत. दिवसपाळीचा मनुष्य उठला कीं रात्रपाळीचा त्याच जागीं पथारी पसरी. भाडें वांटून घेतलें जाई, जेवण खानावळवालीकडे असे. याच प्रकारची, पण अधिक नियमबद्ध व्यवस्था गोमंतकीय ख्रिस्ती मंडळींनीं धोबीतलाव व आसपासच्या भागांत उभी केली. त्यांच्या ‘कूड’ नांवाच्या वसतिस्थानांत एकेका गांवचे खलाशी व नोकर अल्प वर्गणी भरून ट्रंक ठेवीत, मुक्काम करीत आणि सायंकाळीं एकत्र प्रार्थना करीत. झाडलोट, शिस्त व हिशेब हीं त्या मंडळींनीं स्वतःच संभाळलीं. जागा वापरणारा आणि जागा राखणारा एकच असला म्हणजे सामाईक वस्तूलाही धनी मिळतो, याचें हें लहानसें उदाहरण होय.

सरकार या प्रकरणांत पडलें तें संकटामुळें. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला आणि कोंदट खोल्यांचा प्रश्न सबंध शहराच्या जिवाशीं येऊन भिडला. १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टनें गलिच्छ वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले आणि स्वतःच्या चाळी बांधल्या. उजेड व वारा यांसाठीं साडेत्रेसष्ट अंशांचा नियम त्यानें पुढें आणला. त्याचा सोपा अर्थ असा कीं, समोरच्या इमारतीची उंची मधल्या अंतराच्या दुपटीहून अधिक नसावी. परळ येथील या ट्रस्टच्या चाळींत डॉ. आंबेडकर यांचें वास्तव्य अनेक वर्षें होतें. ट्रस्टचा कारभार १९३३ सालीं म्युनिसिपालिटींत विलीन झाला.

याहून मोठा प्रयोग गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकीर्दींत झाला. १९२० सालीं डेव्हलपमेंट खातें निघालें. कापसाच्या गांठीमागें एक रुपया कर बसला. आणि पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प जाहीर झाला. प्रत्यक्षांत वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. प्रत्येक चाळीस चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे एका चाळींत ऐंशी. त्यांपैकीं १२१ चाळी एकट्या वरळीस होत्या. परंतु वरळीच्या कित्येक खोल्या प्रारंभीं रिकाम्याच पडून राहिल्या, आणि सविनय कायदेभंगाच्या काळांत तेथील कांहीं चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग करण्यांत आला. गिरणीपासूनचें अंतर, शेजारपाजार, उधार देणारा वाणी या गोष्टी कामगारास सिमेंटच्या भिंतींहून मोलाच्या वाटत. चाळ बांधणें निराळें आणि चाळ नांदती ठेवणें निराळें, हें सरकारच्याही अनुभवास आलें.

पहिल्या महायुद्धाच्या काळांत जागेची टंचाई झाली व भाडीं वाढलीं, तेव्हां १९१८ सालीं भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा झाला. तो कांहीं वर्षांनीं संपला. दुसऱ्या महायुद्धानें तोच प्रसंग पुन्हां आणला आणि अखेर १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें होतें तें सामान्यतः प्रमाणभाडें ठरलें. भाडें देत राहणाऱ्या भाडेकरूस सबळ कारणावांचून काढतां येईना. पावती देणें बंधनकारक झालें. पाणी किंवा दिवा तोडून भाडेकरूस हुसकावण्यास मनाई झाली. मेहत्याच्या भुंवईवर ज्याचें बिऱ्हाड अवलंबून होतें, त्या कुटुंबास या कायद्यानें प्रथमच स्वस्थ झोंप दिली. हें श्रेय त्याला दिलेंच पाहिजे.

परंतु त्याच कायद्याच्या पोटांत पुढील संकटाचें बीज होतें. समजा, एका चाळींत चाळीस खोल्या असून खोलीस पांच रुपये भाडें आहे. वर्षाचे चोवीसशें रुपये झाले. १९४० सालीं त्यांत कौलें, रंग, मोऱ्या व मेहत्याचा पगार भागून मालकास कांहीं उरे. पुढें लांकूड, चुना, गवंड्याची मजुरी अनेक पटींनीं वाढली. चोवीसशें मात्र चोवीसशेंच राहिले. इमारत नीट राखण्याची जबाबदारी कायद्यानें मालकावर ठेविली होती, पण ती पार पाडण्यापुरतें उत्पन्न त्याच्या हातीं ठेविलें नाहीं. मग मालकानें दुसरा मार्ग धरला. खोली रिकामी झाली कीं नव्या भाडेकरूकडून एकरकमी पागडी घ्यावयाची, पावती जुन्याच भाड्याची द्यावयाची. कायद्यानें पागडी हा गुन्हा होता. बाजारांत ती रूढी होती. पागडीचा पैसा जिन्याकडे वळावा अशी तरतूद कोणत्याच वहींत नव्हती. भाडेकरूही म्हणे, इमारत मालकाची, खर्च त्याचा. आणि मालक म्हणे, राहणारे तुम्ही, भाडें पूर्वीचें, तर सोसा. दोघांच्याही बोलण्यांत तथ्य होतें. मधल्या मधें तुळया कुजत गेल्या.

इमारती कोसळूं लागल्यावर १९६९ सालीं दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला आणि शहरांतील एकोणीस हजारांहून अधिक जुन्या इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसला. जिन्याची पावती प्रथमच फाडली गेली ती अशी. पण साचलेल्या पडझडीच्या मानानें ती रक्कम तोकडी ठरली. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें गोठविलेल्या प्रमाणभाड्याची तरतूद काळाच्या ओघांत अवाजवी झाल्याचा निर्णय दिला. त्यानंतरचा १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यानें वर्षास चार टक्के भाडेवाढ दिली व पागडीस मान्यता दिली. तथापि पांच रुपयांवरील चार टक्के म्हणजे वीस पैसे. २०१७ च्या ऑगस्टमध्यें भेंडीबाजारांतील हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसें दगावलीं. असल्या धोकादायक इमारतींतून लोक वेळींच निघत नाहींत याचें नवल वाटतें. पण ज्याच्या संसाराचा सगळा आधार म्हणजे हातांतली एक पावती, त्याला खोली सोडली तर पावतीही जाईल हें भय छप्पर पडण्याच्या भयाहून मोठें वाटतें.

चाळींतील माणसांना एकत्र येऊन कांहीं चालवितां येत नव्हतें असें मुळींच नाहीं. गिरगांवांतील केशवजी नाईक चाळींत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव चालू आहे. मंडप, मखर, वर्गणी, जमाखर्च या सर्वांचा चोख हिशेब चाळीचाळींतून ठेविला गेला. उत्सवासाठीं ज्यांनीं दारोदार वर्गणी जमविली, त्यांनींच कठड्यासाठीं ती जमविली नाहीं, कारण उत्सव आपला आणि कठडा मालकाचा अशी सर्वांची समजूत होती. ही समजूत आळसाची नव्हती. पावतीनेंच ती शिकविली होती.

आज जुन्या चाळींच्या जागीं मनोरे उठत आहेत. वरळीच्या डेव्हलपमेंट खात्याच्या चाळींतील ५५६ कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टमध्यें नव्या मनोऱ्यांतील सदनिकांच्या किल्ल्या मिळाल्या. एका खोलींत वाढलेल्या माणसास स्वतःचें स्वयंपाकघर आणि स्वतःचें न्हाणीघर मिळावें, हें न्यायाचेंच झालें. मात्र चार मजल्यांच्या जिन्याची जागा तेथें उद्वाहकानें घेतली आहे, नळाची जागा पंपानें, आणि या यंत्रांना जिन्याइतका धीर नसतो. तीं दरमहा पैसा मागतात. खोलीचा धनी कोण, या प्रश्नाचें उत्तर तेथील रहिवाशांस दीर्घ प्रतीक्षेनंतर मिळालें आहे. जें सर्वांचें आहे त्याची वही कोणीं ठेवावी, हें आतां त्यांना आपसांत ठरवावयाचें आहे, आणि तें पहिल्या महिन्यापासूनच ठरवावें लागेल.