बांधलेला सील, मोकळा सील

काही देवमासे तासभर पाण्याखाली कसे राहतात, असं वर्गात विचारलं की हमखास उत्तर येतं, त्यांची फुप्फुसं मोठी असतील! शरीराच्या मानानं ती मोठी नसतात. सील तर बुडी मारण्याआधी हवा बाहेर सोडतो. मग प्राणवायू पुरतो कसा?

१८७० साली फ्रान्समध्ये पॉल बेर यांनी बदक आणि कोंबडी यांची तुलना केली. बदक पाण्याखाली कितीतरी जास्त वेळ तग धरतं आणि त्याच्या अंगात रक्तही जास्त असतं. म्हणजे प्राणवायूचा साठा जास्त. पण १८९० च्या दशकात शार्ल रिशे यांना असं दिसलं, की श्वासनलिका बांधलेलं बदक हवेत जगतं त्याहून जास्त वेळ पाण्यात जगतं. प्रयोग क्रूर खराच, पण अर्थ स्पष्ट होता. साठा तेवढाच असताना पाण्यात खर्च कमी होतो.

तो कसा, हे पेर शोलांडर यांनी १९४० साली दाखवलं. फळीला बांधलेला सील पाण्यात बुडवला की मिनिटाला शंभराच्या आसपास पडणारे हृदयाचे ठोके दहाच्या घरात येत. स्नायूंकडचं रक्त जवळजवळ थांबे, ते मेंदूसाठी राखलं जाई. स्नायू स्वतःच्या मायोग्लोबिनमधला प्राणवायू वापरत. तो संपला की लॅक्टिक आम्ल तयार होई, पण रक्तात ते उतरे सील वर आल्यावरच. हे चित्र पाठ्यपुस्तकांत पक्कं बसलं.

मात्र बांधलेल्या सीलला आपल्याला वर कधी काढणार हे ठाऊक नसे!

१९६० च्या दशकात जेरल्ड कूयमन यांनी अंटार्क्टिकात, मॅकमर्डो इथं, समुद्रावरच्या बर्फात भोक पाडून वेडेल सील सोडले. जवळपास दुसरं भोक नसल्यानं श्वासासाठी तिथंच परतावं लागे. खोली नोंदवणारं त्यांचं पहिलं उपकरण स्वयंपाकघरातल्या टायमरपासून बनवलेलं होतं. १९८० साली त्यांनी व सहकाऱ्यांनी रक्ताच्या तपासण्या प्रसिद्ध केल्या. बहुतेक बुड्या वीस-पंचवीस मिनिटांच्या आतल्या होत्या आणि त्यांनंतर लॅक्टिक आम्ल वाढलेलंच नव्हतं. ते वाढे फक्त त्याहून लांब बुडीनंतर. शोलांडर यांची मोजमापं बरोबर होती, पण ती जिवावर बेतलेल्या प्राण्याची होती.

देवमाशाला फळीला बांधणार कोण? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे उपसागरात एका निळ्या देवमाशाच्या अंगाला चिकटवलेल्या उपकरणानं त्याचे ठोके मोजले. पृष्ठभागावर मिनिटाला २५ ते ३७, खोल पाण्यात बहुधा ४ ते ८ आणि कधी अवघे २. हा तर मोकळाच होता.