पित्ताची ओळख : पाचक रसापासून संदेशवाहकापर्यंत

मराठी माणसाच्या बोलण्यात पित्त हा शब्द नित्याचा आहे. पित्त खवळते, पित्त उसळते, अंगावर पित्त उठते. मात्र आयुर्वेदाच्या त्रिदोषांतील पित्त आणि यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणारा हिरवट-पिवळा रस, या दोन गोष्टी एकच नव्हेत. प्रस्तुत विवेचन या दुसऱ्या पित्तापुरते मर्यादित आहे. या रसाचे शास्त्र कसे उलगडत गेले आणि मेदयकृताच्या आजाराने त्यास कोणता नवा अर्थ दिला, हे येथे पाहावयाचे आहे.

पित्तातील क्षार आतड्यात स्निग्ध पदार्थांचे पचन घडवून पुन्हा शोषले जातात व यकृताकडे परततात, हे मोरिट्झ शिफ यांनी १८७० मध्ये दाखवून दिले. आज आपण जाणतो, की सुमारे ९५ टक्के पित्ताम्ले अशी परत येतात. एखाद्या काटकसरी गृहिणीप्रमाणे शरीर तोच साठा दिवसातून अनेकदा वापरते.

पुढे हाइनरिश वीलांट यांना पित्ताम्लांच्या रचनेवरील संशोधनासाठी १९२७ चे नोबेल पारितोषिक लाभले. परंतु त्यांनी मांडलेली रचना सदोष होती. १९३२ मध्ये बर्नाल यांनी क्ष-किरणांनी केलेल्या मोजमापांशी ती जुळेना, आणि त्याच वर्षी तिची दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीत स्वतः वीलांट यांचाही वाटा होता. शास्त्रात पारितोषिक हा अखेरचा शब्द नसतो, याचे हे बोलके उदाहरण होय. १९४३ मध्ये कोनराड ब्लॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पित्ताम्ले कोलेस्टेरॉलपासून बनतात हे सिद्ध केले.

यकृताच्या आजाराची कथा मात्र वेगळ्याच वाटेने चालली होती. यकृतात मेद साठून दाह झालेला दिसला, की रुग्ण मद्यपी असणार, असे गृहीत धरण्याकडे कल असे. १९८० मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्यपानाचा इतिहास नसलेल्या २० रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. बहुतेक जण स्थूल होते. कित्येकांना मधुमेह वा पित्ताशयातील खडे होते. या शोधनिबंधाने आजाराला नाव दिले, आणि रुग्णाच्या शब्दाला प्रतिष्ठाही दिली.

या दोन प्रवाहांचा संगम १९९९ मध्ये झाला. १९९५ मध्ये सापडलेला ‘एफएक्सआर’ हा पेशीकेंद्रातील ग्राहक पित्ताम्लांनीच जागृत होतो, असे तीन गटांनी स्वतंत्रपणे दाखविले. म्हणजे पित्ताम्ल हा केवळ पाचक रसाचा घटक नव्हे. तो जनुकांना आज्ञा देणारा संदेशवाहक आहे. ‘सीवायपी७ए१’ हे जनुक पित्ताम्लनिर्मितीचा मुख्य दरवाजा होय. पित्ताम्ले पुरेशी झाली, की एफएक्सआर यकृतातून हा दरवाजा लोटून घेतो. शिवाय आतडेही एका प्रथिनाद्वारे यकृताला तोच निरोप धाडते.

मेदयकृतात हीच व्यवस्था विस्कटते. अनेक अभ्यासांत एफएक्सआरची क्रिया मंदावलेली, आतड्याच्या निरोपाला यकृताचा प्रतिसाद क्षीण झालेला आणि रक्तातील पित्ताम्ले वाढलेली आढळली आहेत. दरवाजा लोटणारा हातच दुबळा झाल्यावर निर्मितीला आवर राहत नाही. ज्या उंदरांत एफएक्सआरचे जनुक काढून टाकले, त्यांच्या यकृतात मेद वाढलेला दिसला. म्हणजे मेदाने जनुके बिघडतात आणि बिघडलेली जनुके मेद वाढवितात, असे दुष्टचक्र संभवते. अर्थात सर्व निष्कर्ष एकसारखे नाहीत. आजाराची पायरी, मधुमेह व आतड्यातील जीवाणू यांनुसार चित्र पालटते.

साहजिकच एफएक्सआरला जागविणाऱ्या औषधाकडून मोठ्या आशा निर्माण झाल्या. ओबेटिकोलिक आम्लाने २०१४ च्या चाचणीत यकृताची स्थिती सुधारली. पण खाज सुटणे व अपायकारक कोलेस्टेरॉल वाढणे हे दोषही दिसले. या आजारासाठी त्यास मान्यता देण्यास अमेरिकेच्या नियामकांनी २०२० व २०२३ मध्ये नकार दिला. जी आज्ञा शरीरात अनेक ठिकाणी पोहोचते, ती एकाच ठिकाणी हवी तशी वळविणे सोपे नसते.

भारत सरकारने २०२१ मध्ये हा आजार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट केला. हा आजार बहुधा मुकाट्याने वाढतो. दुखत नाही म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. स्थूल रुग्णाने वजन ७ ते १० टक्क्यांनी घटविल्यास यकृतातील मेद व दाह पुष्कळदा ओसरतो. दीडशे वर्षांच्या संशोधनानंतर मिताहार व व्यायाम यांचे मोल कमी झालेले नाही. ते का उपयोगी पडतात, हे मात्र आपल्याला आता अधिक नेमकेपणाने कळू लागले आहे.