काठावर गप्प बसलेला माणूस

मंडळी, एक वाटसरू नदीच्या उताराशी येतो. नदी फुगली आहे, हे काठावरच्या माणसाला ठाऊक असते. पण तो चकार शब्द काढीत नाही. वाटसरू पाण्यात शिरतो आणि बुडतो. आता सांगा, हा गप्प बसणारा गुन्हेगार की नाही?

हे उदाहरण १८३७ साली मेकॉले यांच्या आयोगाने दंडसंहितेच्या मसुद्यात घातले. वाटसरूंना सावध करण्यासाठीच त्याला तेथे नेमले असेल, किंवा त्याने पैलतीरी नेण्याचे कबूल केले असेल, तर जाणूनबुजून गप्प बसणे हा खूनच. पण माणुसकीखेरीज दुसरे बंधन नसेल, तर खून नव्हे. नाहीतर भिकाऱ्याला घास नाकारणारा प्रत्येक श्रीमंतही खुनी ठरायचा!

१८६० च्या संहितेत ‘कृत्य’ या शब्दात बेकायदेशीर अकृतीही धरली गेली. कैद्याला बुद्ध्या उपाशी ठेवून मारणारा तुरुंगाधिकारी तिने खुनी ठरवला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही हे तत्त्व राखले आहे.

म्हणजे ज्याच्यावर कर्तव्य, त्याला कायदा धरतो. काठावरच्या इतरांना सोडतो. बुडालेल्याची माणसे त्यांना सोडतील काय, हे मात्र ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.