येळवशीची भज्जी आणि तेरामोची ‘विर्तू’

डिसेंबर २०२५ मध्ये नवी दिल्लीच्या लाल किल्ल्यात भरलेल्या युनेस्कोच्या समितीने इटलीच्या पाकपरंपरेचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. नेपल्सच्या पिझ्झा-कारागिरांच्या कलेला हा मान २०१७ मध्येच मिळाला होता. या वेळी मात्र गौरव एखाद्या पदार्थाचा झाला नाही; घरातील वडीलधाऱ्यांकडून शिकत, उरलेसुरले वाया न घालवता, एकत्र बसून रांधण्या-जेवण्याच्या संपूर्ण रीतीचा झाला. हे वृत्त वाचताना आम्हांस लातूरच्या शिवारांची आठवण होणे स्वाभाविकच होते, कारण त्यानंतर अवघ्या काही दिवसांनी तेथे येळवस साजरी व्हावयाची होती.

मार्गशीर्ष महिन्यातील अमावास्येला लातूर व धाराशिव जिल्ह्यांत, तसेच नांदेड, बीड, सोलापूर यांच्या लगतच्या काही भागांत ‘वेळ अमावस्या’ पाळली जाते. बोलीत हिलाच येळवस म्हणतात. हा सण नाताळाच्या आगेमागेच येतो. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी प्रशासन स्थानिक सुट्टी जाहीर करते. बाजारपेठा बंद राहतात, रस्ते ओस पडतात आणि सारे शहर शेतात जाते. बाहेरगावाहून नव्याने बदलून आलेल्या मनुष्यास शहरात संचारबंदी लागली आहे की काय, असा भास व्हावा!

सणाचे नाव कानडी वळणाचे आहे. कानडीत ‘एळु’ म्हणजे सात आणि ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ. ज्येष्ठापासून मोजल्यास मार्गशीर्षाची अमावास्या सातवी येते, म्हणून हे नाव पडले असे काही सांगतात. थंडीत तिळाचे पदार्थ होतात, म्हणून पडले असे दुसरे सांगतात. दोहोंपैकी कोणतेही खरे असो, नात्याचे मूळ इतिहासात सापडते. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होते. राज्यांची सीमा नंतर आखली गेली, सण मात्र आजही सीमेच्या दोन्ही बाजूंस सारखाच आहे. पूजेनंतर शिवारात दिल्या जाणाऱ्या घोषातील शब्दही कानडी वळणाचेच आहेत, आणि मराठी शेतकरी त्यांचा अर्थ ठाऊक नसतानाही ते पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या उत्साहाने उच्चारीत आला आहे.

विधी साधा आहे. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारतात, तीत चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, आंबिलाने भरलेले मडके ठेवतात व नैवेद्य दाखवितात. मग आंबिल उभ्या पिकावर शिंपडत शेताला फेरी घालतात. सीमेपलीकडील कानडी भागात या शिंपण्याला ‘चरग’ म्हणतात. खरी श्रीमंती आहे ती नैवेद्याच्या टोपल्यांत, आणि तेथेच आम्ही थोडे थांबू.

भज्जी हा शब्द ऐकून तळलेली कांदाभजी डोळ्यांपुढे आणू नये. येळवशीची भज्जी ही पातळसर, आंबट-तिखट, हिरवी मिश्रभाजी होय. त्या मोसमात शिवारात जे जे ओले व कोवळे असेल ते ते तीत पडते: तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे घाटे व कोवळा पाला, वालाचे दाणे, वाटाणा, भुईमुगाचे दाणे, मेथी, पालक, कांद्याची पात, गाजर, क्वचित बोरेसुद्धा. हे सारे शिजवून चिंचेच्या कोळात कालवलेले बेसन लावतात आणि हिरव्या मिरचीचा व लसणाचा ठेचा घालतात. प्रमाण कोणी लिहून ठेवीत नाही. पातेले एवढे मोठे असते की, चार माणसांपुरती भज्जी केली तर ती भज्जी लागतच नाही, असे जाणत्या गृहिणी म्हणतात. आणि ते आम्हांस पटते, कारण इतक्या जिन्नसांचा एकेक मूठभर वाटा घातला तरी भाजी वीस माणसांची होते.

तिच्याबरोबर आंबिल हवेच. ज्वारीचे पीठ ताकात कालवून मडक्यात आंबू देतात, मग पाण्यात शिजवून पातळ करतात व निवल्यावर पुन्हा ताक, लसूण, आले, जिरे, कोथिंबीर घालतात. रात्रभराच्या आंबण्याने त्यास जी चव येते, ती लिंबू पिळून येत नाही. शिवाय ज्वारी-बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, बाजरीची भाकरी, धपाटे, आंबट भात, तिळाची व शेंगदाण्याची पोळी आणि गव्हाची खीर. उंडा भज्जीत कुस्करून खावयाचा आणि वरून आंबिल प्यावयाचे, हा क्रम ठरलेला आहे.

आता इटलीकडे वळू. आब्रुत्सो प्रांतातील तेरामो या गावी दरवर्षी १ मे रोजी ‘विर्तू’ नावाचे सार रांधले जाते. हिवाळाभर कोठीत तळाशी राहिलेली वाळली कडधान्ये, निरनिराळ्या आकारांच्या पास्त्याचे उरलेले तुकडे, डुकराच्या मांसाचे शेवटचे खंड, आणि त्यांत वसंतात नुकत्याच निघालेल्या ओल्या शेंगा व पालेभाज्या. आख्यायिकेप्रमाणे सात कुमारिकांनी सात कडधान्ये, सात भाज्या अशा सात-सात जिन्नसांतून ते सात तास शिजविले. ‘विर्तू’ म्हणजे सद्गुण. काटकसरीने घर चालविणाऱ्या स्त्रीचे सद्गुण त्यात अभिप्रेत आहेत. हे सार घरापुरते करीत नाहीत, शेजारीपाजारी वाटतात. सातव्या अमावास्येची भज्जी आणि सात कुमारिकांचे सार यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आकड्यांच्या योगायोगावर आम्ही भर देऊ इच्छीत नाही. साम्य आहे ते कारणात. दोन्ही पदार्थ हंगामाच्या सांध्यावर जन्मले आणि दोन्ही थोड्यात भागवून सर्वांना पुरवावे लागे, त्या गरजेतून घडले.

इटलीच्या इतिहासातून आणखी एक गोष्ट घेण्याजोगी आहे. आज उत्तर इटलीची ओळख मानली जाणारी पोलेंता पूर्वी बाजरीसारखी भरड धान्ये व चेस्टनट यांच्या पिठाची होत असे. अमेरिकेतून आलेल्या मक्याने ती जागा घेतली आणि अठराव्या शतकापासून व्हेनेतो व लोंबार्दीच्या गरीब शेतमजुरांना मक्यावाचून दुसरे अन्न उरले नाही. परिणामी कातडी खरबरीत होणे, जुलाब व बुद्धिभ्रंश असा रोग पसरला. १७७१ मध्ये मिलानचे वैद्य फ्रापोल्ली यांनी त्यास लोकांच्या बोलीतील ‘पेलाग्रा’ हे नाव ग्रंथात दिले. हाच रोग दख्खनमध्ये केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांत आढळतो, हे हैदराबाद येथील डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास दाखवून दिले. म्हणजे जुने ते सारे आरोग्यदायी, असे सरसकट म्हणता येत नाही. ज्वारीची थाळी पुरी होते ती तूर, हरभरा, भुईमूग व पालेभाजी यांच्या जोडीने. येळवशीच्या दिवशी ही जोडी पूर्ण जमते. वर्षातील उरलेल्या दिवशी गरीबाच्या घरी ती जमत असे की नाही, हा प्रश्न मात्र वेगळा.

म्हणूनच या सणातील निमंत्रणाची रीत आम्हांस पदार्थांइतकीच मोलाची वाटते. ज्याच्याकडे शेत आहे तो बोलावतो, ज्याच्याकडे नाही तो जातो. शेतमजूर, शिक्षक, दुकानदार, कचेरीतील सहकारी यांना बोलावणे असते आणि त्यांत धर्म पाहिला जात नाही. येळवशीला शेत नसलेला मनुष्य उपाशी राहिला, तर तो शिवाराचाच कमीपणा समजतात.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. हजारो माणसे गेली आणि पुढे लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली. घरे हलली, शेते हलली नाहीत. त्यामुळे येळवशीला माणसे नव्या गावातून निघून जुन्या शिवारात जमतात, आणि ज्यांची माणसे त्या मातीत राहिली त्यांच्यासाठी कोपीपुढे बसणे हे नुसते वनभोजन नसते.

आज संकट निराळे आहे. गेल्या तीन दशकांत लातूरच्या काळ्या रानात सोयाबीन पसरले व ज्वारीचे क्षेत्र आकसले. शेतकऱ्याचे यात चुकले असे आम्ही म्हणणार नाही. ज्वारी हाताने काढावी लागते, पाखरांपासून राखावी लागते, मजूर मिळत नाहीत. सोयाबीनला बाजार जवळ आहे आणि पैसा लवकर हाती येतो. ज्या जिल्ह्याला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, तेथे हिशेब असेच होतात. परंतु भज्जीच्या दृष्टीने पाहिले तर तूर व हरभरा अद्याप शिवारात आहेत, म्हणून भाजी टिकली आहे. उणीव पडते ती आंबिल, उंडे व कोप या तिघांत, कारण तिन्ही ज्वारीवर अवलंबून आहेत. वाटाणा तर बहुतेक घरी बाजारातूनच येतो. बैल कमी झाले, तशी कडबा साठविण्याची गरजही उरली नाही. तेव्हा कोपीसाठी चार पेंढ्या शेजाऱ्याकडून मागून आणाव्या लागतात.

सूर्य मावळताना काही ठिकाणी लहानशा बोळक्यात दूध उतू घालतात व ते ज्या दिशेने सांडेल त्यावरून पुढील पावसाचा अंदाज बांधतात. मग कडब्याचा हेंडगा पेटवून तो शेताभोवती फिरवितात. त्याची ऊब गव्हा-हरभऱ्याला लागते असा समज आहे. त्यानंतर रिकाम्या टोपल्या डोक्यावर घेऊन मंडळी गावाकडे निघतात, आणि उरलेली भज्जी दुसऱ्या दिवशी अधिक चविष्ट लागते, याबद्दल लातुरात दुमत नाही.