मोजमाप संपल्यावरचे अधिक्रमण

शुक्राच्या अधिक्रमणाचा इतिहास सहसा मोहिमांचा म्हणून सांगितला जातो. शुक्राचा ठिपका सूर्यबिंबात कधी शिरला आणि कधी बाहेर पडला, हे दूरदूरच्या ठिकाणांहून टिपायचे आणि त्या वेळांतल्या फरकावरून सूर्याचे अंतर काढायचे, ही इंग्रज ज्योतिर्विद हॅलेची युक्ती. तिच्यापायी फ्रेंच ज्योतिर्विद ल जांतील पुदुच्चेरीला निघाला. गाव इंग्रजांच्या हाती गेल्यामुळे १७६१ चे अधिक्रमण त्याला हलत्या जहाजावरून पाहावे लागले; १७६९ साली तो पुदुच्चेरीत सज्ज होता, तर ऐन वेळी ढग आले. या कथेत भारत म्हणजे दुर्बीण रोवायची जागा, एवढेच. इथला माणूस तिच्यात येतो तो १८७४ साली. मद्रास वेधशाळेतल्या चिंतामणी रघुनाथाचारींनी अधिक्रमणाआधी लोकांसाठी पुस्तिका लिहिली, तीही सिद्धांती, म्हणजे पारंपरिक ज्योतिष जाणणाऱ्या, पंडिताशी संवादाच्या रूपात. इंग्रजीखेरीज ती कन्नड आणि उर्दूतही निघाली. वाचकाला साक्षीदार मानणारे हे लेखन, म्हणून आपल्याकडच्या सामूहिक निरीक्षणाची सुरुवात दुर्बिणींपासून नव्हे, या पुस्तिकेपासून धरली पाहिजे.

पुस्तिका मूठभर साक्षरांपर्यंतच पोचली असणार, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याने तिची पोच कमी ठरते, तिची दिशा नव्हे. ती दिशा ८ जून २००४ च्या अधिक्रमणाला मैदानांत आणि शाळांत जमलेल्या गर्दीत दिसली. दुसरा आक्षेप अधिक टोकदार: रडारने १९६१ मध्येच सूर्याचे अंतर नेमके मिळवून दिले होते, मग ही गर्दी निव्वळ तमाशाची नव्हती का? चेंडूवर बसवलेला, छोटे छिद्र पाडलेल्या कागदाने झाकलेला आरसा पाहा. तीस मीटरवरच्या अंधाऱ्या भिंतीवर तो वीतभराहून मोठे सूर्यबिंब पाडतो आणि शुक्र त्यात जेमतेम नऊ मिलिमीटरचा दिसतो. तो ठिपका आधी सांगितलेल्या वेळेलाच कडेला टेकतो का, हे दुर्बिणीवाचून, डोळे धोक्यात न घालता कुणालाही पडताळता येते. तज्ज्ञांची गरज भागली होती. भाकीत स्वतः तपासण्याची लोकांची गरज मात्र तशीच होती, आणि तमाशात अशी तपासणी नसते.

शुक्राचे पुढचे अधिक्रमण २११७ साली आहे. त्याआधी, १३ नोव्हेंबर २०३२ ला, भारतातून दुपारी बुधाचे दिसेल. पण सूर्याच्या व्यासाच्या दोनशेव्या भागाएवढा तो ठिपका अशा आरशाला पेलणार नाही. तिथे दुर्बिणीतून पडद्यावर प्रतिमा घ्यावी लागेल, आणि गावोगावी ती सोय करायची तर तयारी आधीची काही वर्षे चालायला हवी.