दोन डगरींवरचा अधिकारी

मागच्या व्याख्यानात आपण तुरुंगाच्या इतिहासाबद्दल बोललो. आज तुरुंगाच्या बाहेरच्या माणसाबद्दल बोलू. ज्याला शिक्षा होऊ शकली असती, पण न्यायालयाने 'जा, नीट वाग, आमचं लक्ष आहे' असं सांगून घरी पाठवलं, असा माणूस. आपल्या कायद्याच्या मराठीत या व्यवस्थेला परिवीक्षा म्हणतात, बोलताना आपण सरळ 'प्रोबेशन' म्हणतो. अमेरिकेत हे काम बऱ्याच ठिकाणी काउंटी, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा घटक, चालवते आणि त्या खात्याचा एक प्रमुख असतो, चीफ प्रोबेशन ऑफिसर. हे पद कसं घडलं ते आज पाहू. वरवर विषय प्रशासनाचा वाटेल. पण मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे मला त्यात एक जुना प्रश्न दिसतो: एकाच माणसाने दुसऱ्यावर विश्वासही ठेवायचा आणि पाळतही ठेवायची, हे जमतं का?

सुरुवात एका चांभारकाम करणाऱ्या माणसापासून होते. जॉन ऑगस्टस हा बॉस्टनमधला बूट बनवणारा. 1841 च्या ऑगस्टमध्ये तो पोलीस न्यायालयात बसलेला असताना एका दारुड्याला उभं केलं गेलं. ऑगस्टस त्याच्याशी दोन शब्द बोलला आणि न्यायाधीशांना म्हणाला, मी याला जामीन राहतो. तीन आठवड्यांनी तो माणूस परत न्यायालयात आला तेव्हा ओळखू येत नव्हता, इतका सुधारला होता. न्यायाधीशांनी त्याला दंड केला तो एक सेंट आणि न्यायालयाचा खर्च. पुढची सतरा-अठरा वर्षं ऑगस्टस हेच करत राहिला. त्याने जवळजवळ दोन हजार माणसांना जामीन दिला. त्यात बायका होत्या, लहान मुलंही होती. 1859 मध्ये तो वारला.

इथे जरा थांबा. मराठीत 'जामीन' हा शब्द मुळात माणसाचा आहे. 'तो त्याला जामीन राहिला' असं आपण म्हणतो. जामीन म्हणजे आधी एक जिता माणूस, कागद मागाहून. ऑगस्टस या जुन्या अर्थाने जामीन होता. त्याच्याकडे पद नव्हतं, पगार नव्हता. पैसा त्याचा, धोका त्याचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुणाला जामीन राहायचं हे तो स्वतः ठरवत असे. आधी चौकशी करायची, माणसाचा स्वभाव, वय, संगत पाहायची, मग पुढे व्हायचं. आजच्या खात्याची दोन मुख्य कामं, न्यायालयासाठी चौकशी-अहवाल आणि नंतरची देखरेख, ही दोन्ही त्या एका माणसात होती.

1878 मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने कायदा केला आणि बॉस्टनमध्ये पगारी परिवीक्षा अधिकारी नेमला गेला. नेमायचा कुणी? महापौराने. 1891 च्या कायद्याने हा अधिकार न्यायालयांकडे दिला. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा तपशिलात काय आहे? पण या पदाचा सगळा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो: हा माणूस कुणाचा?

आता शिकागोला जाऊ. 1899 मध्ये इलिनॉय राज्याने बालन्यायालयाचा कायदा केला आणि कुक काउंटीत जगातलं पहिलं बालन्यायालय उभं राहिलं. कायद्यात परिवीक्षा अधिकारी होते, पण त्यांना सरकारी तिजोरीतून पगार द्यायचा नाही असंही लिहिलेलं होतं. म्हणजे लग्न ठरलं, पण जेवणावळीचा खर्च शेजाऱ्यांवर! तो खर्च उचलला शहरातल्या महिला मंडळांनी. जेन अ‍ॅडम्स यांच्या हल हाउसच्या परिसरातल्या ज्युलिया लॅथ्रॉप आणि त्यांच्या सहकारी बायकांनी वर्गणी गोळा करून पगार दिले. काही वर्षांनी काउंटीने पगार स्वतःकडे घेतले, आणि पगाराबरोबर राजकारण आलं. काउंटी मंडळाच्या अध्यक्षांनी मुख्य परिवीक्षा अधिकारी जॉन विटर यांना पदावरून काढलं. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1912 मध्ये न्यायालयाचं म्हणणं आलं, ते थोडक्यात असं: परिवीक्षा अधिकारी हा न्यायाधीशाचा मदतनीस आहे, त्याच्या नेमणुकीवर काउंटी मंडळाला हक्क सांगता येणार नाही.

हा निकाल पटण्यासारखा आहे. न्यायाधीश निर्णय घेणार तो ज्याच्या अहवालावर, तो माणूस निवडणुकीच्या वाऱ्यावर हलता कामा नये. पण याची दुसरी बाजू बघा. न्यायाधीशाला जबाबदार असलेला माणूस न्यायाधीशाच्या फार जवळ गेला तर?

त्याचं उत्तर अ‍ॅरिझोनातल्या गिला काउंटीत मिळतं. 1964 च्या जूनमध्ये जेराल्ड गॉल्ट या पंधरा वर्षांच्या मुलाला पकडलं. आरोप काय, तर शेजारच्या बाईला फोनवर अश्लील बोलल्याचा. आईवडील कामावर होते, त्यांना कुणी कळवलं नाही. तक्रार करणारी बाई न्यायालयात एकदाही आली नाही. मुलाला वकील नव्हता. शिक्षा झाली ती सुधारगृहात, वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त सहा वर्षं. मोठ्या माणसाला याच गुन्ह्यासाठी पन्नास डॉलरपर्यंत दंड किंवा फार तर दोन महिने कैद झाली असती.

खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. खालच्या न्यायालयांचं म्हणणं होतं की मुलाच्या हिताची काळजी घ्यायला परिवीक्षा अधिकारी आहेच, वकील कशाला? 15 मे 1967 च्या निकालात न्यायमूर्ती फोर्टास यांनी हा युक्तिवाद मोडीत काढला. तिथला परिवीक्षा अधिकारी मुलाला पकडणारा, अर्ज दाखल करणारा आणि त्याच्याविरुद्ध साक्ष देणाराही होता. शिवाय मुलांना डांबून ठेवायच्या जागेचा अधीक्षकही तोच. असा माणूस त्याच मुलाचा वकील कसा होणार? त्या निकालाने मुलांना वकिलाचा हक्क मिळाला. आणि माझ्या मते या पदाबद्दलचं एक सत्यही उघड झालं: कळकळ असली म्हणजे न्याय झाला असं नाही. गिला काउंटीतली माणसं दुष्ट होती असं समजायचं कारण नाही. आपण मुलाचं भलं करतोय अशीच त्यांची समजूत असणार. म्हणूनच तर ते भीतीदायक आहे.

तिसरा टप्पा कॅलिफोर्नियाचा, आणि तो पैशाचा आहे. तिथे परिवीक्षा 1903 पासून काउंटीकडे आहे. लॉस एंजलिसमध्ये खात्याचा प्रमुख निवडून आलेलं पर्यवेक्षक मंडळ नेमतं. त्याच राज्यातल्या अनेक काउंट्यांत तो अधिकार न्यायालयाकडे आहे. म्हणजे शिकागोचा वाद तिथे आजही दोन उत्तरं घेऊन नांदतो आहे. आता मेख बघा. काउंटीने माणूस राज्याच्या तुरुंगात पाठवला की खर्च राज्याचा, गावात ठेवला की खर्च काउंटीचा. मग कोण कशाला ठेवेल? 1965 मध्ये राज्याने योजना काढली: जितकी माणसं तुम्ही आमच्याकडे पाठवणार नाही, तितके पैसे आम्ही तुम्हाला देऊ, माणशी चार हजार डॉलरपर्यंत. 2011 मध्ये तर राज्यातले तुरुंग इतके भरले की सर्वोच्च न्यायालयाने गर्दी कमी करायचा आदेश कायम केला, आणि कमी गंभीर गुन्ह्यांतून सुटलेल्या माणसांची देखरेख काउंटीच्या परिवीक्षा खात्यांकडे आली. 2023 मध्ये राज्याने स्वतःच्या उरलेल्या बालसुधार संस्था बंद केल्या. ती मुलंही काउंटीकडे.

आता त्या प्रमुखाच्या खुर्चीत बसून बघा. न्यायाधीशांना वेळेवर अहवाल हवा. मंडळाला अंदाजपत्रक हवं. कर्मचारी संघटनेला सुरक्षितता हवी. ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई हवी. आणि अटी मोडणाऱ्या माणसाला परत आत पाठवायचं की आणखी एक संधी द्यायची, याचं धोरण याने ठरवायचं. शिवाय कोठडीतल्या मुलांची चोवीस तासांची जबाबदारी. लॉस एंजलिस काउंटीचं लॉस पॅड्रिनोस हे बालगृह 2024 च्या ऑक्टोबरमध्ये राज्याच्या नियामक मंडळाने मुलं ठेवायला अयोग्य ठरवलं. मुख्य कारण, पुरेसे कर्मचारी कामावर नसणं. तत्त्वज्ञानात आपण कर्तव्याची मोठी चर्चा करतो. पण रात्रपाळीला माणूसच आला नाही, तर कर्तव्य कुणाच्या हातून घडणार?

हे सगळं परदेशातलं वाटेल, पण धागा आपल्यापर्यंत आहे. क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे अमेरिकन गृहस्थ मुंबईत आले. त्यांनी 1927 मध्ये नागपाड्यात हल हाउसच्याच जातकुळीचं नेबरहुड हाउस काढलं आणि 1936 मध्ये समाजकार्याची ती शाळा सुरू केली, जी आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून आपण ओळखतो. मुंबई प्रांताने 1938 मध्ये परिवीक्षेचा कायदा केला. देशाचा कायदा 1958 चा. त्या कायद्याने परिवीक्षा अधिकाऱ्याला जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या, म्हणजे आपल्याकडे कलेक्टरच्या, नियंत्रणाखाली ठेवलं. महापौर नाही, न्यायाधीश नाही, निवडून आलेलं मंडळही नाही. 'हा माणूस कुणाचा' या प्रश्नाचं हे चौथं उत्तर.

मला विचाराल तर या प्रश्नाला अखेरचं उत्तर नाही. कुणीही नेमला तरी तो दोन डगरींवर पाय ठेवूनच उभा राहणार. ऑगस्टसला हा पेच पडला नाही, कारण तो स्वतः जामीन होता, चुकला तर स्वतःचे पैसे जात. खात्याचा प्रमुख चुकला तर दुसऱ्याचं स्वातंत्र्य जातं, नाहीतर दुसऱ्या कुणाचा जीव. आणि त्याला माणसं निवडताही येत नाहीत. येतील तेवढी सांभाळायची. म्हणून त्याच्याकडून ऑगस्टससारखं हृदय मागणं पुरेसं नाही. त्याच्या अहवालाला प्रश्न विचारणारा वकील हवा, त्याच्या कोठडीचं दार ठोठावणारा तपासनीस हवा, आणि अंदाजपत्रकात माणसांचे पगार हवेत. कळकळीला नियमांचा जामीन लागतो, असं मी म्हणेन.

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.